‘फ्लॅप्स तीस’ म्हटले, पण फ्लॅप हलले नाहीत: पोखरा विमान अपघाताचा प्रकरण अभ्यास

१५ जानेवारी २०२३ रोजी सकाळी १० वाजून ५६ मिनिटे ३२ सेकंदांनी, नेपाळमधील पोखरा येथे उतरण्याच्या तयारीत असलेल्या येती एअरलाइन्सच्या एटीआर ७२-५०० विमानात चालक वैमानिकाने ‘फ्लॅप्स तीस’, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा (फ्लॅप) ३० अंशांपर्यंत खाली न्या, अशी सूचना दिली. शेजारच्या वैमानिकाने ‘फ्लॅप्स तीस, आणि खाली जात आहोत’ असे उत्तर दिले. त्या वेळी फ्लॅप जागचे हलले नाहीत. उलट दोन्ही प्रोपेलरांच्या फिरण्याचा वेग एकदम कोसळला. त्यानंतर बरोबर साठ सेकंदांनी, १० वाजून ५७ मिनिटे ३२ सेकंदांनी, कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात विमान आदळल्याचा आवाज नोंदला गेला. ६८ प्रवासी आणि ४ कर्मचारी असे विमानातील सर्व ७२ जण मरण पावले. त्यांत पाच भारतीय होते.

हे प्रकरण सोलापुरात लिहून काढण्याचे कारण आमचा अनौपचारिक अभ्यासगट. त्यात बहुतेक जण रेल्वेच्या सोलापूर विभागातील लोको पायलट, सहायक लोको पायलट आणि निवृत्त निरीक्षक आहेत. शिवाय जून २०२५ मध्ये होटगी रस्त्यावरील विमानतळावरून गोव्याची सेवा सुरू झाली, तीही एटीआर ७२ या जातीच्याच, पण पुढच्या आवृत्तीच्या विमानाने. या शहराने विमानतळाविषयी कितीतरी वर्षे वाद घातला, पण तो जवळजवळ सगळा सिद्धेश्वर कारखान्याच्या चिमणीभोवतीच फिरत राहिला, आणि ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. विमानाच्या वाटेतला अडथळा बाहेरून दिसतो म्हणून त्यावर मोर्चे निघतात. कॉकपिटच्या आतला अडथळा दिसत नाही, आणि त्याविषयी बोलायचे तर ध्वनिमुद्रणातील सेकंदांच्या नोंदी वाचाव्या लागतात. योगायोग म्हणून एवढेच नोंदवतो की पोखराला पडलेले विमान २००७ मध्ये नवे कोरे असताना किंगफिशरच्या ताफ्यात होते, आणि किंगफिशरची एटीआर विमाने काही काळ सोलापुरातही उतरत असत.

पार्श्वभूमी

पोखराचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ १ जानेवारी २०२३ रोजी, म्हणजे अपघाताच्या केवळ दोन आठवडे आधी, सुरू झाला होता. जुना विमानतळ जवळच आहे आणि दोहोंच्या मधून सेती नदीची खोल घळ जाते; विमान त्याच घळीत कोसळले. त्या सकाळी हवा स्वच्छ होती आणि वैमानिकांना धावपट्टी डोळ्यांनी दिसत होती. विमानाने १० वाजून ३२ मिनिटांनी काठमांडू सोडले. याच दोघा वैमानिकांनी सकाळी काठमांडू ते पोखरा आणि परत अशा दोन फेऱ्या केल्या होत्या, त्यामुळे ही त्यांची दिवसातील तिसरी फेरी होती.

कॉकपिटमध्ये दोघेही कॅप्टन होते. डाव्या आसनावरील कॅप्टन विमान चालवत होती. नव्या विमानतळाची ओळख करून घेणे हा तिच्या या फेरीचा हेतू होता. उजव्या आसनावर प्रशिक्षक कॅप्टन होते आणि देखरेख करणाऱ्या वैमानिकाचे काम त्यांच्याकडे होते. विमान चालवणाऱ्याला पीएफ आणि देखरेख करणाऱ्याला पीएम म्हणतात; पुढे हीच संक्षिप्त नावे वापरली आहेत. पीएफ सूचना देतो, पीएम लीव्हर हलवतो, चेकलिस्ट वाचतो, नियंत्रकाशी बोलतो आणि या सगळ्याच्या जोडीला पीएफच्या हालचालींवर नजर ठेवतो. या फेरीत पीएमकडे आणखी एक काम होते, ते म्हणजे शिकवणे.

नियंत्रकाने आरंभी धावपट्टीच्या ३० क्रमांकाच्या बाजूने उतरण्यास सांगितले होते. नंतर वैमानिकांनी उलट दिशेची, म्हणजे १२ क्रमांकाची बाजू मागितली आणि ती त्यांना मिळाली. त्या बाजूने दृष्टीच्या आधारे उतरताना डोंगरांमुळे आवळलेला, कमी उंचीवरचा फेरा घ्यावा लागतो. चौकशी आयोगाने अंतिम अहवालात नमूद केले आहे की हा फेरा पुरेसे मूल्यमापन आणि प्रमाणीकरण न करताच वापरात आला होता आणि त्यासाठी मंजूर नकाशाही तयार झालेला नव्हता. आता ज्या साठ सेकंदांकडे आपण पाहणार आहोत, त्यांत एवढे काम का कोंबले गेले याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

तीन लीव्हर

पुढचे समजण्यासाठी यंत्राची थोडी माहिती आवश्यक आहे. एटीआरच्या दोन आसनांमधील चौथऱ्यावर लीव्हरांच्या तीन जागा आहेत. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे दोन पॉवर लीव्हर, त्यांच्या उजवीकडे प्रोपेलर आणि इंधन यांच्यासाठीचे दोन कंडिशन लीव्हर, आणि त्यांच्याही उजवीकडे फ्लॅपचा एकच लीव्हर. म्हणजे उजव्या आसनावरील वैमानिकाच्या डाव्या हाताला आधी फ्लॅपचा लीव्हर येतो आणि त्याला लागूनच कंडिशन लीव्हर. फ्लॅप १५ वरून ३० अंशांवर न्यायचा तर लीव्हर मागे ओढतात. कंडिशन लीव्हर नेहमीच्या स्थितीतून ‘फेदर’ स्थितीत न्यायचे तर तेही मागेच ओढतात.

फेदर म्हणजे प्रोपेलरची पाती वाऱ्याला कडेने सामोरी जातील अशी वळवणे. एखादे इंजिन बंद पडले तर त्याच्या प्रोपेलरचा अडसर कमी व्हावा म्हणून ही सोय असते. फेदर झालेला प्रोपेलर विमानाला पुढे ओढत नाही, पण त्यामागचे इंजिन मात्र चालूच राहू शकते, कारण या प्रकारच्या इंजिनात हवा दाबून जाळणारा भाग आणि प्रोपेलर फिरवणारा भाग एकमेकांना दांड्याने जोडलेले नसतात. पोखरात नेमके हेच झाले. दोन्ही इंजिने चालू होती, त्यांत कोणताही बिघाड नोंदला गेला नाही, आणि तरीही विमानाला ओढणारे काहीच उरले नव्हते.

एकाच बाजूचा प्रोपेलर फेदर झाला असता तर विमानाचे नाक झटक्यात त्या बाजूला वळले असते आणि पायाखालच्या पॅडलवर ते लगेच जाणवले असते. दोन्ही बाजू एकदम गेल्या, त्यामुळे नाक सरळच राहिले. त्यातही विमान खाली उतरत होते, म्हणजे कमी शक्तीवर होते. अशा अवस्थेत ओढ नाहीशी झाल्याची जाणीव शरीराला उशिरा होते. ती आधी मोजमापांच्या पडद्यावर दिसते, आणि त्या पडद्याकडे पाहण्याची फुरसत हवी.

साठ सेकंदांचा क्रम

१०:५६:१२ वाजता फ्लॅप १५ अंशांवर गेले आणि चाकांचा लीव्हर खाली केला गेला. १०:५६:२७ वाजता जमिनीपासून ७२१ फुटांवर पीएफने ऑटोपायलट सोडला आणि विमान हातात घेतले. पाच सेकंदांनी तिने ‘फ्लॅप्स तीस’ म्हटले. पीएमचे उत्तर आले, आणि फ्लॅपऐवजी दोन्ही प्रोपेलरांचा वेग २५ टक्क्यांच्या खाली, तर इंजिनांचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) शून्याकडे जाऊ लागला. १०:५६:३६ वाजता मास्टर कॉशनची, म्हणजे सावध करणाऱ्या सर्वसाधारण इशाऱ्याची, घंटी एकदा वाजली. त्यानंतर दोघांनी ‘बिफोर लँडिंग’ ही चेकलिस्ट पूर्ण केली आणि विमान डावीकडे वळू लागले.

१०:५६:५० वाजता ‘पाचशे फूट’ अशी यंत्राची आवाजी सूचना आली. त्या वेळी विमान ३० अंशांपर्यंत कललेले होते. डावे वळण चालू ठेवायचे का, असे पीएफने विचारले. पीएमने चालू ठेवण्यास सांगितले. खाली जाणे चालू ठेवायचे का, असेही तिने विचारले. त्याची गरज नाही, थोडी पॉवर लाव, असे त्यांनी सांगितले. १०:५६:५४ वाजता एक ‘क्लिक’ ऐकू आला आणि आता कोठे फ्लॅप ३० अंशांवर गेले.

१०:५७:०७ वाजता नियंत्रकाने उतरण्याची परवानगी दिली. त्याच सुमारास इंजिनांतून शक्ती येत नाही, असे पीएफने दोनदा सांगितले. १०:५७:११ वाजता पॉवर लीव्हर पुढे, नंतर शेवटपर्यंत पुढे नेले गेले. १०:५७:१८ वाजता तिने विमानाचा ताबा प्रशिक्षकांकडे दिला आणि दोन सेकंदांनी पुन्हा सांगितले की शक्ती नाही. १०:५७:२४ वाजता ३११ फुटांवर स्टिक शेकर सुरू झाला, म्हणजे विमान तरंगण्याची क्षमता गमावण्याच्या काठावर असल्याचा इशारा सुकाणू थरथरवून मिळू लागला. दोन सेकंदांनी विमान झपकन डावीकडे कलंडले.

आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या अंतिम अहवालात संभाव्य कारण म्हणून दोन्ही कंडिशन लीव्हर नकळत फेदर स्थितीत नेले जाणे, त्यामुळे ओढ नाहीशी होणे आणि विमान कोसळणे, असे नमूद केले. त्याला हातभार लावणाऱ्या बाबींत नव्या विमानतळावरील कामाचा ताण, डोंगरांमुळे आवळलेला फेरा, प्रशिक्षणातील उणिवा, ठरलेल्या कार्यपद्धतींचे पालन न होणे, दोघांतील समन्वयाचा अभाव आणि ‘स्टराइल कॉकपिट’च्या, म्हणजे कामाखेरीज दुसरे काही न बोलण्याच्या, शिस्तीचा अभाव यांचा समावेश आहे.

चुकीचा लीव्हर ही जुनी गोष्ट

शेजारचा लीव्हर ओढला जाण्याची चूक विमानविद्येला नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमाने सुखरूप उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅपऐवजी चाके वर घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने दोन्ही दांड्यांच्या मुठींना वेगवेगळे आकार देण्याचा उपाय सुचवला. आजही फ्लॅपच्या लीव्हरची मूठ पंखासारखी आणि चाकांच्या लीव्हरची मूठ चाकासारखी असते. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनी सांगितलेल्या ४६० चुका तपासल्या, तेव्हा एका नियंत्रणाऐवजी दुसरेच हलवणे हा सर्वांत मोठा गट निघाला. म्हणजे हात चुकतो, हे पाऊणशे वर्षांपासून लिहून ठेवलेले आहे. प्रशिक्षक कॅप्टनांच्या गाठीशी हजारो तासांचे उड्डाण होते. अनुभवी हात कमी चुकतो, पण चुकला तर अधिक सफाईने आणि अधिक खात्रीने चुकतो, कारण त्याला मन घालावे लागत नाही.

म्हणून ‘असा कसा चुकीचा लीव्हर ओढला?’ या प्रश्नात मला फारसा रस नाही. तो प्रश्न वर्तमानपत्रांत पुष्कळ विचारला गेला आणि त्याचे उत्तर एका वाक्यात संपते. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा पुढच्या बावीस सेकंदांत आहे.

तोंड, डोळा आणि हात

पीएमचे उत्तर बरोबर होते. शब्द बरोबर, क्रम बरोबर, वेळही बरोबर. कार्यपद्धतीच्या पुस्तकाशी ध्वनिमुद्रण ताडून पाहणाऱ्याला त्या सेकंदाला काहीच खटकणार नाही. चुकले ते एवढेच की उत्तर हे कृतीचे नव्हते, अपेक्षेचे होते. ‘फ्लॅप्स तीस’ या उत्तराचा अर्थ खरे तर ‘मी लीव्हर ३० वर नेला आणि दर्शकावर ३० आलेले पाहिले’ असा असायला हवा. रोजच्या कामात तो अर्थ झिजत जातो, आणि ‘तुमची सूचना ऐकली’ एवढाच उरतो. ऐकल्याची पोच आणि पाहिल्याची साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोहोंसाठी एकच शब्द वापरला की पहिली कधी दुसरीच्या जागी येऊन बसते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

नासासाठी आसफ देगानी आणि अर्ल वीनर यांनी १९९० मध्ये कॉकपिटमधील चेकलिस्टांचा अभ्यास केला, त्यात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. ‘सेट’ किंवा ‘चेक्ड’ असे गुळगुळीत उत्तर देण्याऐवजी प्रत्यक्ष दिसणारे मूल्य उच्चारावे आणि तपासताना डोळ्यांसोबत हातही त्या वस्तूकडे न्यावा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. पोखराने त्या शिफारशीलाही एक पुरवणी जोडली आहे. येथे मूल्य उच्चारले गेले होते. ‘तीस’ हा आकडा मोठ्याने म्हटला गेला होता. आकडा म्हटल्याने तो दर्शकावरून वाचला गेला असे सिद्ध होत नाही, विशेषतः समोरच्याने तोच आकडा नुकताच कानात घातलेला असताना.

यानंतर आली चेकलिस्ट. चुकलेली कृती पकडण्यासाठी चेकलिस्ट असते, ती कृती करवून घेण्यासाठी नव्हे. एटीआरसारख्या विमानांत आधी कृती करायची आणि मग यादी वाचून पडताळायची, असा क्रम आहे. फ्लॅप १५ वरच असताना ही यादी पूर्ण झाली. म्हणजे पडताळणीही अपेक्षेवरूनच झाली. पडताळणी कृतीच्या अगदी पाठोपाठ, त्याच माणसाकडून आणि त्याच घाईत होते तेव्हा ती स्वतंत्र पडताळणी राहत नाही. माणसाने काही सेकंदांपूर्वी स्वतः ‘तीस’ म्हटलेले असते, त्यामुळे यादीतील फ्लॅपच्या ओळीला त्याच्या मनात उत्तर तयारच असते. गणित सोडवणाऱ्यानेच लगेच आपले उत्तर पुन्हा वाचावे तशी ही पडताळणी असते.

आणि १०:५६:५४ चा तो क्लिक. फ्लॅप ३० वर नाहीत हे कोणाच्या तरी लक्षात आले आणि लीव्हर योग्य जागी नेला गेला, असे आकडे दाखवतात. वरवर पाहता ही चूक सापडली आणि दुरुस्त झाली. पण बावीस सेकंदांपूर्वी फ्लॅपचा लीव्हर हलला नसेल, तर तेव्हा हाताने हलवले ते काय होते? हा प्रश्न विचारला गेल्याची खूण पुढील घटनाक्रमात नाही. राहून गेलेले काम पूर्ण झाले की मनाला तो विषय मिटल्यासारखा वाटतो, आणि त्या राहून गेलेल्या कामाच्या जागी झालेले भलतेच काम तसेच दडून राहते. माझे मत असे की या साठ सेकंदांत परत फिरण्याची सर्वांत उघडी वाट इथे होती. विमान अजून सुमारे पाचशे फुटांवर होते आणि कंडिशन लीव्हर हाताच्या अंतरावर होते. त्या क्षणी नजर चौथऱ्यावर एकदा फिरली असती तर ते दोन लीव्हर मागे ओढलेले दिसले असते.

पुढे ‘शक्ती नाही’ हे वाक्य तीनदा आले. लक्षण अचूक सांगितले गेले, पण त्यावर जी कृती झाली ती पॉवर लीव्हर पुढे ढकलण्याची. शक्ती कमी वाटली की पॉवर लीव्हर पुढे, ही सवय हाताला लागलेली असते आणि शंभरातील नव्व्याण्णव वेळा ती बरोबर ठरते. त्याच सुमारास नियंत्रकाचा आवाज, वळण, घसरणारी उंची आणि ताब्याची अदलाबदल हे सगळे आले. जमिनीपासून तीन-साडेतीनशे फुटांवर, चौदा सेकंद उरलेले असताना ताबा बदलणे म्हणजे नव्याने ताबा घेणाऱ्याला कारण शोधण्याऐवजी विमान सांभाळण्यात गुंतवणे. अर्थात त्या क्षणी प्रशिक्षकाकडे विमान देणे हे कोणाही शिकणाऱ्याला स्वाभाविकच वाटेल, त्यामुळे त्याबद्दल पीएफला बोल लावणे मला पटत नाही.

व्यत्यय कशाला म्हणायचे?

‘स्टराइल कॉकपिट’ हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला. १९७४ मध्ये शार्लट येथे उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे एक विमान कोसळून ७२ जण मेले होते. धुक्यात उतरत असताना कॉकपिटमध्ये राजकारणापासून जुन्या मोटारींपर्यंत गप्पा चालू होत्या. तेव्हापासून दहा हजार फुटांखाली उड्डाणाशी संबंध नसलेले बोलणे आणि काम वर्ज्य, अशी शिस्त जगभर रुजली. पोखराच्या अहवालातही या शिस्तीच्या अभावाचा उल्लेख आहे आणि तो गंभीरच आहे. मात्र केवळ गप्पांना व्यत्यय मानले तर या प्रकरणातील मोठा भाग हातातून निसटतो.

त्या शेवटच्या मिनिटात ध्वनिमुद्रणात जे प्रश्न आणि उत्तरे आहेत, ती सगळी कामाचीच आहेत. वळण चालू ठेवू का? उंची कमी करत राहू का? थोडी पॉवर लाव. नव्या ठिकाणी नवा फेरा शिकणाऱ्या वैमानिकाने हे विचारणे योग्यच, आणि प्रशिक्षकाने उत्तर देणेही योग्यच. तरीही प्रत्येक उत्तरासाठी पीएमचे डोळे खिडकीबाहेर, धावपट्टीकडे आणि डोंगराकडे जाणार; आतील दर्शकांकडे पाहण्याचे काम, जे पीएम म्हणून त्यांचे पहिले काम होते, तेवढा वेळ बिनधन्याचे राहणार. फालतू गप्पा बंद करता येतात, कारण त्या फालतू आहेत हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते. शिकवण्याचा व्यत्यय तसा ओळखू येत नाही, कारण तो कर्तव्याचे रूप घेऊन येतो. नियमाने त्याला मनाईही नाही, आणि असूही नये.

यावर उपाय कॉकपिटमध्ये नाही, तो आधीच्या नियोजनात आहे. ओळख करून घेण्याच्या फेरीत सर्वांत अरुंद फेरा घ्यायचा का, तो आधी सिम्युलेटरवर करून पाहायचा का, आणि पाचशे फुटांवर विमान ठरलेल्या वेगात, ठरलेल्या आकारात आणि धावपट्टीच्या रेषेत नसेल तर परत वर जायचे, हा सर्वमान्य निकष ज्या फेऱ्यात पाळताच येत नाही तो फेरा वापरायचा का, हे प्रश्न विमान कंपनीने आणि नियामकाने सोडवायचे असतात. ते तिथे सुटले नाहीत की ते शेवटी ७२१ फुटांवर एका माणसाच्या डाव्या हातात येऊन पडतात.

सोलापूरच्या लॉबीतून (लोको पायलटांच्या हजेरीच्या जागेतून) पाहताना

अभ्यासगटात हे प्रकरण वाचले गेले तेव्हा चर्चा सर्वांत जास्त ‘फ्लॅप्स तीस’ या उत्तरावर रेंगाळली, आणि त्याचे कारण उघड आहे. रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार लोको पायलट आणि सहायक लोको पायलट यांनी प्रत्येक सिग्नल दिसताच ओळखायचा आणि त्याचा संकेत एकमेकांना मोठ्याने सांगायचा असतो. दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहावे, हा त्यामागचा हेतू. व्यवहारात एकाने ‘हिरवा’ म्हटले की दुसरा ‘हिरवा’ म्हणतो, आणि दुसऱ्याने खिडकीबाहेर पाहून म्हटले की पहिल्याचे ऐकून म्हटले, हे केबिनमध्ये बसलेल्या तिसऱ्या माणसालाही सांगता येत नाही. वाडी आणि गदग या दिशांचे मार्ग जिथे वेगळे होतात त्या होटगी जंक्शनकडे येताना, बाजूच्या मार्गाचा सिग्नल आपला समजला गेला तर दोन आवाजांची ती पडताळणी उपयोगी पडेल की एकाच चुकीला दोन तोंडे मिळतील, हे दुसरा माणूस कोणत्या क्षणी आणि कुठे पाहतो यावर अवलंबून आहे.

गाडी सुटण्यापूर्वीच्या ब्रेक तपासणीतही हीच गोष्ट आहे. ब्रेक पाइपचा दाब ५ किलो असायला हवा हे सर्वांना पाठ असते, आणि म्हणूनच ‘प्रेशर पाच’ हे उत्तर गेजकडे न पाहताही देता येते. एका ज्येष्ठ निरीक्षकांचे म्हणणे असे पडले की विचारणाऱ्याने आकडा उच्चारूच नये. ‘प्रेशर पाच आहे ना?’ असे विचारले की उत्तर ‘आहे’ हेच येणार, ‘प्रेशर किती?’ असे विचारले तर निदान मान गेजकडे वळते. मला ही सूचना साधी आणि फार मोलाची वाटते. कॉकपिटमध्ये ती जशीच्या तशी लागू होत नाही, कारण तिथे पीएफला कोणती स्थिती हवी ते सांगावेच लागते. पण कृती झाल्यानंतरच्या चेकलिस्टमध्ये ‘फ्लॅप?’ एवढेच विचारायचे आणि उत्तर देणाऱ्याने दर्शकावर बोट ठेवून आकडा वाचायचा, हे करता येण्यासारखे आहे आणि अनेक कंपन्यांच्या पद्धतीत ते आहेही.

सर्वांनाच हे पटले नाही. बोट दाखवणे, हात उचलणे हेही महिन्याभरात सवयीचे होते आणि मग डोळ्यांशिवाय हात उचलला जातो, असा आक्षेप एका लोको पायलटांनी घेतला, आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. जपानच्या रेल्वेत बोट दाखवून मोठ्याने म्हणण्याची पद्धत फार जुनी आहे आणि तेथील प्रयोगांत तिने चुका कमी झाल्याचे दिसले आहे, हे त्यांना सांगितले गेले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की तेथे त्या पद्धतीबरोबर गाड्यांचे वेळापत्रक आणि विश्रांतीचे तासही तेवढ्याच काटेकोरपणे पाळले जातात. नुसते बोट उचलून आणले तर उरलेले मागे राहील. दुसरा मुद्दा सहायकाच्या स्थानाचा निघाला. ज्येष्ठाने आकडा सांगितल्यावर ‘मला वेगळा दिसतो’ असे म्हणण्याची मोकळीक कनिष्ठाला किती असते? पोखरात तर गोष्ट उलटी होती. लीव्हर हलवणारा माणूसच कॉकपिटमध्ये सर्वांत ज्येष्ठ होता, आणि शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या हाताकडे संशयाने पाहावे अशी अपेक्षा कोणत्याही पुस्तकात लिहिलेली असली तरी माणसाच्या स्वभावात ती सहज उतरत नाही.

चर्चेतून कामाच्या दोन गोष्टी निघाल्या. पहिली, राहून गेलेली कृती लक्षात आली की ती पूर्ण करण्यापूर्वी किंवा केल्यावर लगेच ‘मग मघाशी काय केले?’ हा प्रश्न मोठ्याने विचारायचा, केबिनमध्ये एकटा असलो तरी. १०:५६:५४ या नोंदीवरून हा मुद्दा एका सहायक लोको पायलटने काढला आणि त्याने लगेच उदाहरणही दिले: वॉकी-टॉकीवर स्टेशन मास्तरांशी बोलताना कॉशन ऑर्डर (वाटेतील वेगमर्यादांची लेखी सूचना) अर्धवट वाचून खाली ठेवली, नंतर आठवण झाली, तर राहिलेल्या ओळीपासून पुढे वाचायचे नाही, पहिल्या ओळीपासून वाचायचे. दुसरी गोष्ट प्रशिक्षणाच्या फेऱ्यांची. शिकाऊ सहायक इंजिनात असेल तेव्हा त्याला समजावून सांगण्याचे काम स्टेशन सोडताना, जंक्शनजवळ येताना आणि कॉशन लागलेल्या पट्ट्यात पूर्णपणे थांबवायचे, आणि शिकाऊने विचारलेल्या प्रश्नाला त्या वेळी ‘नंतर’ एवढेच उत्तर द्यायचे, असे बहुतेकांचे मत पडले. जंक्शनजवळ नेमके काय करायचे असते, तेच तर शिकाऊला जंक्शनजवळ शिकायचे असते, हा त्यातला पेच मात्र सुटला नाही. त्यासाठी तिसरा माणूस, म्हणजे शिकवणारा निरीक्षक वेगळा आणि गाडी चालवणारी जोडी वेगळी, हाच मार्ग निवृत्त निरीक्षकांनी सुचवला. त्यासाठी माणसे कोठून आणायची, या प्रश्नावर बैठक थांबली आणि पुढच्या वेळी विभागातील प्रशिक्षण फेऱ्यांची प्रत्यक्ष पद्धत लिहून आणायचे ठरले.